फियाटच्या इंजिनाला रंग: ६०० डिग्रीचा डबा सगळीकडे चालतो का?

अर्धाकप (धागाकर्ता) · शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, घरची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. घरात तिला पहिल्यापासून फियाटच म्हणतात, त्यामुळे मीही फियाटच म्हणणार. गेली नऊ वर्षं ती डोंबिवलीत बिल्डिंगखाली ताडपत्री पांघरून उभी होती. बाबा गेल्यावर कुणी हात लावला नाही. यंदा मनावर घेतलं. इंजिन उतरवलं, बोअरिंग झालं, पिस्टन-रिंगा नव्या आल्या, हेड फेस करून आलं. जोडणी करण्याआधी रंगाचं बघायचं आहे.

ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, बिडाचा (ओतीव लोखंडाचा), त्यावरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. ब्लॉकवर वरून चंदेरी रंग आहे, तो नखानं निघतो, आणि त्याच्याखाली कुठे कुठे हिरवट काहीतरी दिसतं. इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर रंग म्हणण्यासारखं काही उरलेलंच नाही. पोपडे आणि गंज.

रंगाच्या दुकानदारानं हीट रेझिस्टंट अ‍ॅल्युमिनियमचा डबा काढला. वर ६०० डिग्री सेल्सिअस लिहिलंय. "साहेब, हा घ्या, ब्लॉक, मॅनिफोल्ड, सायलेन्सर, सगळीकडे चालतो. सहाशे झेलणारा रंग शंभरला काय घाबरतो?" युक्तिवाद बिनतोड वाटला, पण डबा न घेता घरी आलो. घेऊ का? आणि खाली प्रायमर कोणता?

चिंचोके · रात्री १०:२०

सहाशे डिग्री? आमच्याकडे एप्रिलात भिंतीलाही हाच लावतात. (मुक्काम पोस्ट चंद्रपूर)

काळीपिवळी · रात्री १०:४१

आमच्या अण्णांनी मुंबईत तीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली. इंजिनाला रंग वगैरे चोचले कधी नव्हते. इंजिन इतकं तेल गळायचं की गंजायची बिडाची हिंमत नव्हती. त्यामुळे माझं मत, स्वच्छ धुवा, तेलाचा हात फिरवा, जोडून टाका.

जसंच्यातसं · रात्री १०:५५

काळीपिवळी, टॅक्सी ही धंद्याची गाडी. ही ठेवायची गाडी आहे. दोन्हींना एक न्याय कसा लावणार?

अर्धाकप, डब्याचं नंतर बघू. आधी मूळ रंग शोधा. लोक छातीठोकपणे सांगतील की फियाटचं इंजिन अमुक रंगाचंच. ऐकू नका. माउंटिंगची ब्रॅकेट जिथे ब्लॉकला टेकते ती जागा, डायनॅमोच्या ब्रॅकेटच्या मागची जागा, नाहीतर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाच्या पॅकिंगच्या कडेची जागा, अशा ठिकाणी नंतरचा ब्रश पोचलेला नसतो. तिथे थिनरचा बोळा हलक्या हातानं फिरवा. एकेक थर दिसेल. सगळ्यात खालचा तो खरा. घासायच्या आधी दिवसाच्या उजेडात फोटो काढा, ट्यूबलाइटखाली हिरवा निळा दिसतो.

अजून एक, आजकाल "रिस्टोअर" केलेली इंजिनं आरशासारखी चमकतात. कारखान्यातून निघालेलं इंजिन तसं नसायचं. उगाच नवरदेव करू नका.

राळ · रात्री ११:३०

मी औद्योगिक रंगांच्या क्षेत्रात काम करते, भट्ट्या, चिमण्या, वाफेच्या पाइपलाइनी. दुकानदाराचं वाक्य वाचून लॉगिन केलं.

सहाशे डिग्रीचा रंग शंभरला घाबरतो. अक्षरशः. कारण सांगते.

या डब्यात सिलिकॉन रेझिन (रंगाला धरून ठेवणारा भाग) आणि अ‍ॅल्युमिनियमची बारीक पत्री असते. लावल्यावर थिनर उडून जातं, हाताला कोरडं लागतं, आपल्याला वाटतं वाळलं. पण ते नुसतं सुकलेलं असतं, पिकलेलं नसतं. या रेझिनचे रेणू एकमेकांत नीट गुंफले जायला साधारण २०० डिग्रीची आच तासभर तरी लागते. मॅनिफोल्डवर ती आपोआप मिळते. पुढे तापमान अजून चढलं की रेझिनमधला सेंद्रिय भाग जळून जातो आणि सिलिकाचं जाळं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्रीला धरून धातूवर बसतं. म्हणून तो सहाशे सोसतो. आगीतून गेल्यावर पक्का होणारा रंग आहे तो.

आता ब्लॉक बघा. पाण्यानं थंड होणारं इंजिन. पाणी ८०-९० डिग्री, ब्लॉकचा पृष्ठभाग त्याच्याच आसपास, एक्झॉस्टच्या तोंडाशी थोडा जास्त. म्हणजे ब्लॉकवर हा रंग जन्मभर कच्चा राहणार. पेट्रोल सांडलं की हातात येणार, तेलानं काळवंडणार, नखानं निघणार.

तुमच्या ब्लॉकवरचा चंदेरी रंग नखानं निघतो म्हणालात ना?

अर्धाकप · रात्री ११:३८

राळताई, म्हणजे बाबांनाही कुण्या दुकानदारानं असाच डबा दिला असणार. 😀 खरंच नखानं निघतो. पेट्रोलचा फडका लावला तर फडका चंदेरी.

राळ · रात्री ११:५२

बहुतेक तेच झालंय. साध्या चंदेरी रंगाचंही असं होऊ शकतं, पण लक्षणं कच्च्या सिलिकॉनची वाटतात.

ढोबळ हिशोब असा. साधं सिंथेटिक इनॅमल, म्हणजे खिडक्यांच्या गजांना लावतो ते, शंभरच्या आसपास पिवळं पडायला लागतं, ठिसूळ होतं. टू-पॅक (हार्डनर मिसळून लावायचं) इपॉक्सी किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, १२० ते १५० पर्यंत निभावतं आणि पेट्रोल-तेलाला उत्तम तोंड देतं. "इंजिन इनॅमल" नावानं जे स्प्रेचे डबे मिळतात ते साधारण २५०-३०० पर्यंतचे, पण त्यांनाही थोडी ऊब देऊन पिकवावं लागतं, डब्यामागे लिहिलेलं असतं. झिंक सिलिकेट ४०० पर्यंत. आणि त्यापुढे सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियम.

डब्यावरचा आकडा ही वरची मर्यादा. खालची मर्यादाही असते, ती कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही.

बिडकर · रविवार, सकाळी ७:०५

राळताई, नाद खुळा! एवढं सोपं करून आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमचा कोल्हापूरजवळ शिरोलीला फौंड्रीचा धंदा, बीड ओततो पण रंगाचं डोकं नव्हतं.

माझ्याकडून बिडाविषयी चार गोष्टी. बिडाला अंगात बारीक छिद्रं असतात. चाळीस-पन्नास वर्षं तेल प्यालेला ब्लॉक वरून कितीबी पुसा, तापला की आतलं तेल घाम येतो तसं वर येतंय. वरचा रंग मग फुगणारच. म्हणून आधी रॉकेलनं किंवा डिझेलनं धुवायचं, मग साबणाच्या गरम पाण्यानं, मग थोडं तापवायचं, वर आलेलं पुसायचं, आणि शेवटी थिनरचा स्वच्छ फडका. रॉकेलवर थांबला तर फसला, कारण रॉकेल स्वतःच मागं तेलकट पापुद्रा सोडतंय.

आणि धुतल्यावर लगेच हवा मारून वाळवा. पावसाळी हवेत उघडं बीड चहा प्यायला गेलात तेवढ्या वेळात तांबूस होतंय.

मालवणी_खाजा · सकाळी ८:३०

चहा? आमच्याकडे समुद्रावरून वारा आला की बशी खाली ठेवायच्या आत.

अ‍ॅम्बीवाले_काका · सकाळी ९:१५

बिडकर, सगळं मान्य. त्यात एक भर. धुण्याच्या नादात कुणी "कॉस्टिकच्या टाकीत बुडवून देतो, लखलखीत होईल" म्हणालं तर ब्लॉकपुरतं हो म्हणा. हेड देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडा खातो.

माझी अँबॅसेडर आहे, तिचं हेडही बिडाचं, त्यामुळे तिला काही झालं नाही. पण त्याच टाकीत माझ्याबरोबर एका गृहस्थांच्या फियाटचं हेड आणि कार्ब्युरेटर गेलं. तासाभरानं बाहेर काढलं तेव्हा कार्ब्युरेटर पावात बुडवलेल्या बिस्किटासारखा, सॉरी, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला होता. गॅरेजवाला म्हणाला, "माल हलका होता."

चिंचोके · सकाळी ९:१८

पावात बिस्कीट बुडवणाऱ्या काकांच्या प्रयोगशीलतेला सलाम.

जसंच्यातसं · सकाळी ९:४०

सँडब्लास्टिंगचंही तसंच. मॅनिफोल्डला जरूर करा, त्याच्यासारखी तयारी नाही. जोडायला तयार ब्लॉकला करू नका. वाळूचा एक कण ऑइलच्या गल्लीत राहिला की नव्या बेअरिंगचा भुगा. ब्लॉकला वायर ब्रश आणि धीर.

अर्धाकप · सकाळी १०:०५

नोंद केली. ब्लॉक आणि मॅनिफोल्डला वेगळे रंग हे ठरलं. प्रायमरचा प्रश्न राहिला. पेंटर म्हणतो रेड ऑक्साइड मारल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही.

राळ · सकाळी १०:५०

ब्लॉकला त्याला हवा तो मान द्या, फक्त रेड ऑक्साइडऐवजी इपॉक्सी प्रायमर वापरा म्हणावं. हेडला शक्यतो रंगच नको. अ‍ॅल्युमिनियमला साधा रंग धरत नाही, एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारा, लागतो, आणि इतकं करून ते उघडंच जास्त छान दिसतं.

मॅनिफोल्डला मात्र प्रायमर शून्य. उघड्या, खरबरीत धातूवर थेट. रेड ऑक्साइड दोनशेच्या वर जळून राख होतो, मग वरचा सहाशेवाला कितीही शूर असला तरी पायाखालची जमीनच गेली. रस्ट कन्व्हर्टरही तिथे नको, तोही टिकत नाही. आणि लांबी (पुट्टी) तर नकोच नको!

थर पातळ, अगदी पातळ. एका हाताला २०-२५ मायक्रॉन. लोकांना वाटतं जाड मारला की जास्त टिकेल. जाड थरात थिनर अडकतं, तापलं की फोड येतात. दोन पातळ हात, मध्ये पुरेसा वेळ, बस.

थेम्सकाठी · दुपारी ३:२०

इकडे एक एमजीए (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी) बाळगून आहे, पावसाळी देशात उघडी गाडी, म्हणजे विचार करा. काका, तुमची अँबी आणि माझी एमजीए चुलत बहिणी बरं का. दोघींत बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, महापालिका नव्हे) बी-सिरीज इंजिन, १४८९ सीसी. त्यामुळे तुमचा पुढचा त्रास मला पाठ आहे: इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावर.

एक गंमत. जुन्या जॅग्वारच्या एक्सके इंजिनांचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड रंगवलेले नसत, त्यावर काळा काचेचा मुलामा असे. आपल्या जुन्या इनॅमलच्या ताटल्या-टमरेलं आठवा, तेच. काचेची भुकटी लावून साधारण आठशे डिग्रीच्या भट्टीत भाजायची. दिसतं देखणं, गंज शिवत नाही, पण ठोका बसला की टवका उडतो. टमरेलासारखाच.

काळीपिवळी · दुपारी ३:४५

म्हणजे जॅग्वारला टमरेल आणि आम्हाला चंदेरी डबा. असो.

अ‍ॅम्बीवाले_काका · दुपारी ४:३०

थेम्सकाठी, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. कार्ब्युरेटरमधला फ्लोट अडकला की पेट्रोल ओसंडतं आणि थेट मॅनिफोल्डवर. तिथे रंग कोणता यापेक्षा मधला पत्रा जागेवर आहे का हे महत्त्वाचं. अर्ध्या अँबींचा तो पत्रा मेकॅनिक "खडखडतो" म्हणून काढून फेकतात.

त्यावरून आठवलं. काही वर्षांपूर्वी मी मॅनिफोल्डला सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियम मारून पहिल्यांदा गाडी सुरू केली. राळताईंनी सांगितलं तसं रेझिन पिकताना धूर निघतो, मला ठाऊक होतं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला ठाऊक नव्हतं. मी आत बसून अ‍ॅक्सिलरेटर धरलाय, बॉनेट उघडं, त्यातून धूर. तो माणूस इमानदार. बादली घेऊन धावत आला आणि ओतली.

"टण्ण" असा आवाज झाला. देवळातली घंटा वाजावी तसा. मॅनिफोल्ड आडवा तडकला.

त्याला काय बोलणार? आग विझवलीस म्हणून शंभर रुपये दिले.

बिडकर · दुपारी ४:५२

अरारा. काका, टाकून नाही ना दिला? बीड जोडता येतंय. आधी सगळा तुकडा सावकाश तापवायचा, निकेलच्या रॉडनं थोडं थोडं वेल्डिंग, आणि मग चुन्यात नाहीतर राखेत पुरून ठेवायचा रात्रभर. घाईनं थंड झाला की शेजारी नवी चीर.

अ‍ॅम्बीवाले_काका · दुपारी ५:१०

तेच केलं. कोल्हापूरच्याच माणसानं करून दिलं. अजून चालू आहे.

फिरस्ता_मावळा · रात्री ९:००

उशिरा आलो. माझा अनुभव सगळ्यांच्या उलट आहे. जीपच्या मॅनिफोल्डला चंदेरी रंग दिला आणि तो चक्क थंड पडला! आधी गंजका असताना इन्फ्रारेड गननं मोजलं होतं, खंबाटकी चढून वर थांबल्यावर ३४० दाखवत होता. रंगानंतर तोच घाट, तोच दुसरा गिअर, १९० च्या आसपास. त्यामुळे हा रंग उष्णता कमी करतो यावर माझा विश्वास आहे. ब्लॉकलाही तोच मारणार.

राळ · रात्री ९:३५

मावळे, थांबा. मॅनिफोल्ड थंड झालेला नाही, गन फसली आहे.

ही गन तापमान मोजत नाही, पृष्ठभागातून निघणारी उष्णतेची किरणं मोजते आणि त्यावरून आकडा काढते. गंजकं किंवा काळं बीड किरणं भरभरून टाकतं. चंदेरी पृष्ठभाग तेवढ्याच तापमानाला बराच कंजूष असतो. गनला वाटतं समोरचा थंड आहे. हात लावून बघू नका, पण मॅनिफोल्डवर एका जागी उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि त्यावर गन धरा. खरा आकडा कळेल.

चंदेरी रंगानं बॉनेटखाली किरणांनी येणारी उष्णता थोडी कमी होते हे खरं. पण ती नाहीशी होत नाही, धुराबरोबर पुढे पाइपात जाते.

फिरस्ता_मावळा · रात्री ९:५०

ठिपका देऊन कळवतो. तोवर मत राखून ठेवतो.

चिंचोके · रात्री ९:५५

माझ्याकडे करोनातली कपाळावर धरायची गन आहे. मोटरसायकलच्या सायलेन्सरवर धरली तर लाल दिवा लावून किंचाळली. सायलेन्सरला चौदा दिवस वेगळं ठेवलंय.

मालवणी_खाजा · रात्री १०:१५

माका एक सांगा, बुलेटच्या सिलिंडरच्या पंखांना रंग द्यायचा की नाही? आजोबांची जुनी बुलेट आहे, बॅरल बिडाचा. उघडा ठेवला तर महिन्यात नारळाच्या सोडणासारखा दिसतो.

राळ · रात्री १०:४०

द्या. उष्णता सोसणारा मॅट काळा, पातळ. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात पंख हेच रेडिएटर, त्यामुळे तिथे जाड थर म्हणजे इंजिनाला गोधडी. पातळ काळ्यानं नुकसान काही नाही.

उंबरठा · सोमवार, सकाळी ११:२०

वाचनमात्र होतो, पण एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. रंगवायच्या उत्साहात मी अर्थिंगची जागाही रंगवली. इंजिन ते बॉडी जी जाड पट्टी असते, तिच्या दोन्ही बाजूंना सुंदर टू-पॅक काळा, वर लॅकर. स्टार्टर मारला. नुसतं "टक". पुन्हा मारला. पुन्हा "टक". तिसऱ्यांदा दाबून धरला तर डॅशबोर्डमधून धूर. चोकची वायर तापून लाल! करंटला बॉडीकडे परत जायला पट्टीतून वाट मिळेना, त्यानं चोकच्या केबलमधून काढली.

तेव्हा अर्थिंगची जागा, गॅस्केट बसायच्या कडा, स्पार्क प्लगचे आटे, ऑइल स्विचचा आटा, सगळ्याला टेप लावा मगच स्प्रे गन हातात घ्या. आणि इंजिन नंबर! आरटीओत पेन्सिलनं त्याची छाप घेतात. तिथे रंगाचे तीन थर बसले की आठाचा तीन वाचतात आणि मग बसा चकरा मारत.

जसंच्यातसं · सकाळी ११:४५

+१००. नंबरवर पातळ ग्रीस आणि टेप.

अर्धाकप, तुमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. मग २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. त्यात गाडी मूळ रूपात असावी लागते. इंजिनाच्या रंगावरून कुणी अडवणार नाही, पण नंबर वाचता आला पाहिजे.

खुळखुळा · दुपारी १:१०

मॅनिफोल्ड घरच्या ओव्हनमध्ये भाजला तर? आमचा २५० पर्यंत जातो.

राळ · दुपारी १:२५

ज्या ओव्हनमध्ये नानकटाई करता त्यात नाही. कधीच नाही. निघणारा धूर पोटात जायचा नसतो. गाडीवर बसवूनच पिकवा: दहा मिनिटं मंद चालवा, पूर्ण थंड होऊ द्या. मग वीस मिनिटं, पुन्हा थंड. मग एक चांगली फेरी. उघड्यावर, आणि आधी वॉचमनला सांगून.

टू-पॅक पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारताना रुमाल बांधून भागत नाही, गाळणीचा मास्क लागतो. जुने थर घासतानाही, त्या काळच्या रंगांत शिसं असायचं. आणि जुन्या सायलेन्सरला दोरी किंवा कापडासारखं काही गुंडाळलेलं असेल तर ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं ओरबाडू नका.

खुळखुळा · दुपारी १:३०

आईनं हा प्रतिसाद वाचला. ओव्हनला कुलूप आहे.

फिरस्ता_मावळा · पुढचा रविवार, दुपारी ४:००

ठिपका दिला. खंबाटकी चढलो. चंदेरीवर १८५, दोन इंच शेजारी काळ्या ठिपक्यावर ३३०.

राळताई, मत परत घेतो. ब्लॉकसाठी आणलेला डबा कुणाला हवाय का?

काळीपिवळी · दुपारी ४:२०

टॅक्सीवाल्याचा मुलगा म्हणून विचारतो, एवढा रंग, एवढा ठिपका, आणि गाडी सुरू झाली का अर्धाकपची? धागाकर्ता गायब आहे.

अर्धाकप · तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ११:०५

गायब नव्हतो, हात काळे होते.

मॅनिफोल्ड सँडब्लास्ट करून आणला, त्याच संध्याकाळी दोन पातळ हात दिले, प्रायमर नाही. ब्लॉकला चार दिवस धुणं चाललं. बिडकर म्हणाले तसं तापवल्यावर खरंच घामासारखं तेल वर आलं, तीनदा पुसलं. मग इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू, कमी चमकीचा राखाडी. राखाडी का, ते सांगतो. डायनॅमोच्या ब्रॅकेटमागे थिनरचा बोळा फिरवला. वर चंदेरी, खाली हिरवा, त्याच्याखाली राखाडी, मग बीड. हेड तसंच उघडं. अर्थिंगच्या जागा घासून लख्ख. नंबर पेन्सिलनं उमटवून पाहिला, आठाचा आठच आहे.

काल सुरू केली. वॉचमनला आधी चहा पाजून शेजारी उभं केलं होतं. धूर निघाला, तो बादलीकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. दुसऱ्या फेरीत धूर थांबला. आज मॅनिफोल्ड थंड झाल्यावर पेट्रोलचा फडका फिरवला, फडका कोरा.

त्या हिरव्याचं सांगायचं राहिलं. फोटो आईला दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "हा तर आपल्या गिरगावच्या खोलीच्या खिडकीचा. अर्धा डबा उरला होता. मी म्हटलं होतं यांना, फेकून द्या." म्हणजे बाबांनी तो इंजिनाला संपवला. राळताईंच्या हिशोबात तो शंभरच्या आत बसणारा, आणि पिवळा पडलेलाच आहे, पण डायनॅमोमागे सावलीला असल्यानं तिथे जरा बरा टिकलाय. ब्लॉक रंगवताना तेवढी आगपेटीएवढी जागा मी टेप लावून सोडली. जसंच्यातसं रागावतील.

जसंच्यातसं · रात्री ११:२०

नाही रागावत.

बिडकर · शनिवार, सकाळी ६:५०

टेपची कड जिथं उचलली तिथून ओल आत शिरंल आणि गंज राखाडीच्या खाली पळंल. त्या तुकड्याची कड बारीक वॉटर पेपरनं उतरती करा आणि वरून टू-पॅक क्लिअरचा एक पातळ हात द्या. आधी कोपऱ्यात थेंब लावून बघा, जुना रंग सुरकुततो का. पावसाच्या आत करा.